कौशल्यांसाठी वेगळा पेपर काढू नका

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवरील सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

अभ्यासक्रमाची फेररचना निघाली की मंडळाच्या पहिल्या-दुसऱ्या बैठकीत एक प्रस्ताव हमखास येतो: विद्यार्थी नोकरीला लागले की अडखळतात, तेव्हा दोन क्रेडिटचा कौशल्यविकासाचा एक पेपर घालू या. प्रस्ताव मांडायला सोपा आणि मंजूर करायला त्याहून सोपा. बाकीच्या पेपरांना हात लावावा लागत नाही, कुणाचा तास कमी होत नाही आणि अहवालातला 'रोजगारक्षमता' हा रकाना भरून निघतो. हा प्रस्ताव आपण नामंजूर करावा आणि आहेत त्याच विषयांच्या पेपरांची बांधणी बदलावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. बांधणी नेमकी कशी बदलायची, त्यात किती तास जातात आणि काम कुठे बिघडते, हेही खाली लिहिले आहे.

वेगळ्या पेपराची अडचण मुळातली आहे. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप वापरले जात नाही. मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेले प्रयोग याबाबत बोलके आहेत. त्यांनी लोकांना एक गोष्ट वाचायला दिली. किल्ल्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटांवर सुरुंग पेरलेले आहेत, मोठे सैन्य एका वाटेने गेले तर ते उडतात, म्हणून सेनापती सैन्याच्या लहान तुकड्या करून त्या वेगवेगळ्या वाटांनी एकाच वेळी किल्ल्यावर पोचवतो. मग एक वैद्यकीय कोडे घातले. पोटातल्या गाठीवर तीव्र किरण सोडला तर वाटेतला निरोगी भागही जळतो, मग गाठ कशी नष्ट करायची? उत्तर तेच आहे: सौम्य किरण, पण अनेक दिशांनी एकदम. गोष्ट नुकतीच वाचलेली असूनही थोड्यांनाच ते सुचले. 'मघाच्या गोष्टीचा उपयोग होतो का पाहा' एवढे म्हटल्यावर मात्र बहुसंख्यांना सुचले. माहिती डोक्यात होती, ती इथे कामाची आहे हे ओळखता आले नव्हते. संवादकौशल्याच्या पेपरात 'माझा छंद' यावर पाच मिनिटे सफाईने बोललेला विद्यार्थी, प्रयोगाचा निष्कर्ष घाईत असलेल्या वरिष्ठाला दोन मिनिटांत सांगताना गडबडतो तो याच कारणाने. नोकरीत त्याला नुसते बोलायचे नसते. रसायनशास्त्राबद्दल, हिशेबाबद्दल, जुन्या कागदपत्रांबद्दल बोलायचे असते. तेव्हा सरावही तिथेच झाला पाहिजे.

'विद्यापीठ म्हणजे नोकरदार घडवण्याचा कारखाना नव्हे' असे म्हणणारे सहकारी प्रत्येक मंडळात असतात आणि त्यांचे म्हणणे आम्हाला मनापासून पटते. आम्ही सुचवत असलेल्या रचनेत त्यांचा विषय पातळ होत नाही. परस्परविरोधी साधनांपैकी कशावर किती विश्वास ठेवायचा, हे इतिहासाचे मूळ काम आहे आणि कचेरीत बसलेल्या कुणालाही तेच रोज करावे लागते. अडचण एवढीच की आपल्या बहुतेक पेपरांत विद्यार्थी इतरांनी काढलेले निष्कर्ष पाठ करतो, स्वतः साधने तोलून पाहत नाही.

सुरुवात यादीपासून होते आणि पहिली चूकही तिथेच होते. 'संवाद, संघभावना, नेतृत्व, समस्या सोडवणे' अशी यादी कुठल्याही विद्याशाखेला चालते, म्हणून ती कुणाच्याच उपयोगाची नसते. बाहेर पडून दोन ते पाच वर्षे झालेले आठ-दहा पदवीधर गाठा. एका वर्षाच्या आतले अजून नवखे असतात आणि दहा वर्षे झालेल्यांना सुरुवातीची धडपड आठवत नाही. त्यांना 'कोणती कौशल्ये हवीत' असे मात्र विचारू नका, कारण तसे विचारले की वरचीच यादी परत मिळते. विचारा: गेल्या आठवड्यात काय काय लिहिले? कुणासाठी? त्यातले दुरुस्तीला काय परत आले आणि का? कोणती सूचना अर्धवट होती आणि ती कशी उलगडली? मनुष्यबळ विभागातल्या लोकांपेक्षा नवख्यांचे काम रोज तपासणाऱ्या निकटच्या वरिष्ठांशी बोला. नोकरीच्या जाहिराती चाळायला हरकत नाही, पण त्यात मागणीपेक्षा इच्छा जास्त असतात. अशा बोलण्यातून जे हाती लागते ते फार साधे असते: विस्कळीत फायलीवरून एका पानाचे टिपण करणे, दुसऱ्याने अर्धवट सोडलेले काम उचलणे, काम वेळेत होणार नाही हे मुदतीआधीच सांगणे, आकडा चुकीचा वाटला तर मुळाशी जाऊन तपासणे. मंडळाने ठरवायच्या गोष्टी या. प्रत्येक पदवीसाठी अशा सहा-सातच निवडा. बारा निवडल्या की एकही नीट होत नाही.

मग अध्ययन-निष्पत्ती लिहा, म्हणजे पेपर संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे याची वाक्ये. 'विद्यार्थ्याला अहवाललेखनाची जाण येईल' हे वाक्य कागदावर चांगले दिसते, पण जाण आली की नाही हे कुणी तपासायचे आणि कशावरून? तेच असे लिहून पाहा: 'परस्परांशी न जुळणाऱ्या तीन स्रोतांवरून, विषय न शिकलेल्या निर्णयकर्त्यासाठी दीड तासात एका पानाचे टिपण लिहील. शिफारस पहिल्या परिच्छेदात असेल आणि कोणता आकडा खात्रीचा नाही हे स्पष्ट सांगितलेले असेल.' याची कसोटी सोपी आहे. हे वाक्य एकमेकांशी न बोललेल्या दोन शिक्षकांना द्या आणि त्यावर परीक्षेचा प्रश्न काढायला सांगा. दोघांचे प्रश्न साधारण सारखे आले तर वाक्य पक्के, नाहीतर पुन्हा लिहायचे.

शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांची शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड (आठवण्यापासून वरच्या विचारापर्यंतच्या पायऱ्या) १९५६ ची, तिची सुधारित आवृत्ती २००१ ची, आणि तिच्यातल्या क्रियापदांचे तक्ते समोर ठेवूनच आपण अभ्यासक्रम लिहितो. पण 'विश्लेषण करा' हे क्रियापद घातल्याने पातळी वाढत नाही. वर्गात सांगितलेले विश्लेषण विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत उतरवले तर ते पाठांतरच राहते, प्रश्नात क्रियापद कोणतेही असो. शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये मांडलेले तत्त्व इथे लागू पडते: निष्पत्ती, वर्गातले काम आणि परीक्षा या तिन्हींचे तोंड एकाच दिशेला हवे. तसे नसेल तर विद्यार्थी परीक्षेच्या दिशेने जातो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

यानंतर तक्ता करावा लागतो. एका बाजूला ती सहा-सात कौशल्ये, दुसऱ्या बाजूला पदवीचे सगळे पेपर, आणि चौकटीत 'ओळख', 'सराव' किंवा 'पारख' यांपैकी एक शब्द. बहुतेक ठिकाणी हा तक्ता आधीच असतो आणि त्यात प्रत्येक पेपरासमोर प्रत्येक कौशल्याची खूण असते. मूल्यांकन समितीला दाखवायला तो बरा, कामाचा नाही. म्हणून दोन बंधने घाला. एका पेपरात जास्तीत जास्त दोन कौशल्ये. आणि प्रत्येक खुणेसमोर ज्या कामाला गुण आहेत त्या कामाचे नाव, नसेल तर खूण पुसायची. हे केले की तक्त्यातल्या बहुतेक खुणा गळून पडतात आणि खरे चित्र दिसते. साधारणपणे असे दिसते की तोंडी मांडणी पाच पेपरांत आहे आणि आकडे तपासणे एकाही पेपरात नाही. प्रत्येक कौशल्य पदवीभरात किमान तीनदा यावे, दर वेळी मागच्यापेक्षा कठीण कामात, आणि शेवटची पारख एकट्या विद्यार्थ्याची व्हावी, गटाची नव्हे.

आता तासांचा हिशेब. फेररचना फसण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे: घातले जाते, काढले काहीच जात नाही. युरोपातील क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे एकूण २५ ते ३० तास धरतात. त्या मापाने चार क्रेडिटचा पेपर १०० ते १२० तासांचा झाला. १५ आठवडे, आठवड्याला चार तास, म्हणजे ६० तास वर्गात गेले आणि ४० ते ६० उरले. लेखी कामे तीन ठेवली आणि प्रत्येकाला घरचे दहा तास धरले तर ३० तास संपले. वाचन आणि परीक्षेची तयारी उरलेल्या १० ते ३० तासांत बसवायची. चौथे काम किंवा 'छोटासा प्रकल्प' यात बसतच नाही. बसवला तर विद्यार्थी तो कुणाकडून तरी उतरवून आणतो आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

वर्गातले तासही लागतात. प्रत्येक कामामागे तीन: नमुना उलगडून पाहण्याचा एक, कच्चे खर्डे एकमेकांना वाचून दाखवण्याचा एक, आणि सर्वांत आढळलेल्या चुकांवर बोलण्याचा एक. तीन कामांचे नऊ तास, म्हणजे ६० तासांचा सुमारे सातवा हिस्सा. तेवढा आशय काढावाच लागेल. पुढच्या पेपरात पुन्हा येणारा भाग आधी काढा. मग जो तपशील दोन मिनिटांत शोधता येतो तो. मग केवळ परीक्षेत नेहमी विचारला जातो म्हणून शिकवला जाणारा. ज्या संकल्पनेवर पुढचे दोन पेपर उभे आहेत तिला मात्र हात लावू नका. या कामाला मंडळाची एक स्वतंत्र बैठक द्या. ती सर्वांत अवघड बैठक असते, कारण प्रत्येक सदस्याचा एकेक आवडता घटक तिथे पणाला लागतो.

सगळी फेररचना शेवटी कामाच्या आखणीवर येऊन ठरते. चांगल्या कामाला वाचणारा असतो, म्हणजे हा कागद कुणाच्या हातात जाणार आणि तो त्यावरून काय ठरवणार हे सांगितलेले असते. सामग्री थोडी जास्त आणि थोडी अपुरी असते, लांबीची मर्यादा असते, वेळेची असते, आणि उत्तर पुस्तकात सापडत नाही. रसायनशास्त्रात एकाच नमुन्याच्या दोन ठिकाणच्या चाचण्यांचे आकडे द्या. ते जुळत नाहीत, त्यावर माल स्वीकारायचा की नाही हे आज ठरायचे आहे, आणि ठरवणारी व्यक्ती रसायनशास्त्र शिकलेली नाही. तिला एक पान लिहा. इतिहासात एका घटनेची एकमेकांशी न जुळणारी तीन वर्णने द्या. संग्रहालयातल्या फलकासाठी ८० शब्दांचा मजकूर मागा, आणि सोबत अर्धे पान: कोणते वर्णन वगळले आणि कोणत्या आधारावर. या अर्ध्या पानातच विषय दिसतो, म्हणून गुण तिथे जास्त ठेवा.

संख्याशास्त्रात ४०० ओळींची एक फाइल द्या आणि तिच्यात पाच दोष मुद्दाम पेरा: काही नोंदी दोनदा आलेल्या, किलो आणि ग्रॅम एकाच रकान्यात मिसळलेले, तारखा दोन पद्धतींनी लिहिलेल्या, रिकाम्या जागी शून्य भरलेले, आणि एका रकान्याचे शीर्षक चुकीचे. आधी दोष शोधायचे, प्रत्येकाचे काय केले ते नोंदवायचे, मगच सरासरी काढायची. शून्यांचा दोष बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, कारण संगणक तिथे तक्रार करत नाही, सरासरी मात्र मुकाट्याने खाली येते. पेरलेल्या दोषांची यादी शिक्षकाने जपून ठेवावी आणि दर वर्षी दोष व त्यांच्या जागा बदलाव्यात. फाइल तीच राहिली तर दुसऱ्याच वर्षी उत्तरे वसतिगृहातून फिरू लागतात.

उत्साहाच्या भरात इथे एक घोटाळा होतो. पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यांना मोठा, मोकळा प्रकल्प दिला जातो. ज्याला काम आधीच येते तो तरतो, बाकीचे सादरीकरण रंगवण्यात वेळ घालवतात. नवख्याला आधी सोडवून दाखवलेले उदाहरण लागते, हे जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांच्या बीजगणितावरील १९८५ च्या प्रयोगांपासून वारंवार दिसून आले आहे. माहीतगाराला मात्र तोच आधार पुढे अडथळा होतो. म्हणून पहिल्या वर्षी एक पूर्ण नमुना द्या, त्यातले प्रत्येक वाक्य तिथे का आहे हे वर्गात सांगा, आणि मग अर्धे लिहिलेले टिपण पूर्ण करायला द्या. दुसऱ्या वर्षी नमुना काढून घ्या, फक्त निकष ठेवा. शेवटच्या वर्षी नुसती अडचण द्या आणि कोणता कागद तयार करायचा हेही विद्यार्थ्यालाच ठरवू द्या. हा आधार टप्प्याटप्प्याने काढायचा असल्याने तिन्ही वर्षांच्या शिक्षकांनी एकत्र बसून आखणी करावी लागते, आणि नेमके तेच होत नाही.

दुसरा खर्डा नसेल तर वरचे सगळे वाया जाते. कौशल्य चुकीतून नाही येत, दुरुस्तीतून येते, आणि आपल्या पद्धतीत दुरुस्तीला जागाच नाही. गुण देऊन कागद परत गेला की विद्यार्थी आकडा पाहतो आणि शेरे न वाचता कागद पिशवीत टाकतो. रूथ बटलर यांनी शाळकरी मुलांवर केलेल्या १९८८ च्या अभ्यासात फक्त शेरे मिळालेल्यांचे पुढचे काम सुधारले. शेरे आणि गुण दोन्ही मिळालेल्यांना तो लाभ झाला नाही. तेव्हा कच्च्या खर्ड्यावर गुण देऊ नका. शेरे सात दिवसांत परत जाऊ द्या आणि पक्क्या मसुद्यासोबत विद्यार्थ्याकडून चार ओळींची चिठ्ठी मागा: कोणत्या शेऱ्यावर काय बदलले, कोणता मानला नाही आणि का. न मानण्याची मुभा महत्त्वाची आहे, नाहीतर तो सगळेच मुकाट बदलतो आणि शिकत काही नाही.

'साठ विद्यार्थी आहेत, दोन-दोन खर्डे कोण तपासणार?' ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. ६० विद्यार्थी, दोन खर्डे, प्रत्येकी १२ मिनिटे म्हणजे एका कामाचे २४ तास आणि तीन कामांचे ७२. हे कुणाकडूनही होणार नाही आणि मंडळाने तसे गृहीत धरू नये. मार्ग असा: काम एका पानाचेच ठेवा. कच्चे खर्डे विद्यार्थ्यांनी एकमेकांचे वाचावेत, शिक्षकाने दर चारांतला एक, म्हणजे १५ वाचावेत आणि त्यांतल्या समान चुकांवर वर्गात बोलावे. त्याला तीन तास लागतात. पक्क्या मसुद्यांना निकषपत्रिका (गुण कशाला द्यायचे हे लिहिलेला तक्ता) समोर ठेवून प्रत्येकी आठ मिनिटे धरली तर आठ तास. एका कामाचे ११, तिन्हींचे ३३. हे तास शिक्षकाच्या कार्यभारात लेखी धरा. धरले नाहीत तर तिसऱ्या सत्रापासून पाट्या टाकणे सुरू होते, आणि दोष तेव्हा शिक्षकाचा नसतो.

विद्यार्थी एकमेकांचे वाचतात तेव्हा 'छान आहे' एवढेच लिहितात. त्यांना मत विचारू नका, तीन नेमके प्रश्न द्या: शिफारस कितव्या ओळीत सापडली? कोणत्या वाक्याला आधार दिलेला नाही? कोणते वाक्य दोनदा वाचावे लागले? याची उत्तरे देताना वाचणाराच जास्त शिकतो.

निकषपत्रिकेत चार निकष आणि चार पातळ्या पुरतात. 'उत्कृष्ट, चांगले, बरे' अशा विशेषणांनी काहीच कळत नाही. कागदावर काय दिसले पाहिजे ते लिहा: 'शिफारस पहिल्या परिच्छेदात, कारणासह', 'शिफारस आहे पण शेवटी', 'माहिती दिली, शिफारस नाही'. सत्राच्या सुरुवातीला दोन शिक्षकांनी तेच पाच कागद स्वतंत्रपणे तपासावेत. एका पातळीपेक्षा जास्त फरक आला तर चूक निकषाच्या शब्दांत आहे असे समजून शब्द बदलावेत, शिक्षकांनी आपसात तडजोड करू नये.

तोंडी कौशल्यांसाठी वैद्यकीय शिक्षणातून एक चांगली पद्धत उसनी घेता येते. रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे ठाण्यांची परीक्षा मांडली: विद्यार्थी एका ठाण्यावरून दुसऱ्यावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळात एक ठरावीक काम करतो. सहा ठाणी, प्रत्येकी सहा मिनिटे आणि बदलायला एक मिनिट असे धरले तर सहा विद्यार्थ्यांची फेरी ४२ मिनिटांत होते. साठ जणांच्या दहा फेऱ्या, सात तास, दोन अर्ध्या दिवसांत. एका ठाण्यावर संदिग्ध सूचना ऐकून योग्य प्रश्न विचारायचे, दुसऱ्यावर काम लांबल्याचे वरिष्ठाला सांगायचे, तिसऱ्यावर विषय न शिकलेल्याला आलेख समजावायचा. परीक्षक कमी असतील तर दोन ठाणी लेखी ठेवा. सगळ्यांना सारखेच काम आणि सारखीच वेळ मिळते, आणि वर्गासमोर एकदा दहा मिनिटे बोलण्यापेक्षा यात विद्यार्थ्याचे खूप जास्त दिसते.

गटकार्याबद्दल मंडळांचा आणि आमचा मतभेद होण्याची शक्यता आहे. चार जणांना एकत्र बसवले की संघभावना येते, असे नाही. बहुतेक गटांत काम चार तुकड्यांत वाटले जाते, शेवटच्या रात्री कुणीतरी ते जोडते आणि कुणी कुणाचे वाचलेले नसते. गट चारांचा असावा, शिक्षकाने पाडावा, आणि मैत्रीवर पाडू नये. कामच असे असावे की एकाचा भाग दुसऱ्याच्या भागाशिवाय पुढे सरकत नाही. भूमिका दर दोन आठवड्यांनी बदला, कारण नोंदी ठेवणे आणि टंकणे हे दर वेळी त्याच शांत विद्यार्थ्याच्या वाट्याला जाते आणि सादर दुसराच करतो. निम्मे गुण तरी वैयक्तिक असावेत: शेवटी प्रत्येकाची पाच मिनिटांची तोंडी, आणि प्रश्न त्याने न केलेल्या भागावर. सहकाऱ्यांनी एकमेकांना द्यायचे गुण चौथ्या आठवड्यात एकदा निकालात न धरता घ्या, शेवटी निकालात धरा. ते गटाच्या गुणांना ०.८ ते १.१ च्या दरम्यानच्या गुणकाने लावले तर गटाला ३० गुण असताना सदस्याला २४ ते ३३ मिळतात. फरक जाणवतो आणि सूड उगवायला वाव राहत नाही. सगळे सगळ्यांना सारखेच देतात ही नेहमीची अडचण आहे. प्रत्येक सदस्याच्या नावासमोर त्याने केलेल्या एका नेमक्या गोष्टीची नोंद सक्तीची केली की ती बरीच कमी होते.

प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये वर्ग आणि कारखाना आलटून पालटून चालवायला सुरुवात केली, आणि कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाची तर १९५७ मध्ये स्थापनाच या तत्त्वावर झाली. तिथले मर्म आलटून पालटून यात आहे. कामावरून परत आलेला विद्यार्थी वर्गात वेगळे प्रश्न विचारतो. आपण मात्र इंटर्नशिप अगदी शेवटी ठेवतो, जिथून परत येऊन प्रश्न विचारायला वर्गच उरत नाही. किमान एक इंटर्नशिप मधल्या वर्षात हवी. जाण्याआधी एका पानाचा करार व्हावा: तीन ठरलेली कामे, देखरेख कोण करणार, आठवड्याला अर्धा तास भेट, आणि शेवटी हाती येणारी वस्तू. दुसऱ्या आठवड्यात शिक्षकाने फोन करावाच. विद्यार्थी नुसता बसून आहे हे तेव्हा कळले तर दुरुस्ती होते, शेवटच्या आठवड्यात कळून उपयोग नसतो. अहवालात संस्थेचा इतिहास आणि उद्दिष्टे मागू नका, ती तिच्या संकेतस्थळावर असतात. ज्याला पोटासाठी आधीच कुठेतरी काम करावे लागते त्याला बिनपगारी इंटर्नशिप परवडत नाही. त्याच्या चालू कामातून त्याच निष्पत्ती दाखवता येत असतील तर त्या ग्राह्य धरा.

इंटर्नशिपच्या जागा पुरत नसतील तर काम वर्गात आणा: बाहेरच्या संस्थेची खरी अडचण, एका सत्राची. गोपनीयता आणि तयार झालेल्या कामाची मालकी यांबद्दल आधीच लेखी ठरवा, आणि संस्थेला नीट सांगा की हे शिकणाऱ्यांचे काम आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे घरी लिहिलेल्या कागदावरून लिहिणाऱ्याची पारख होत नाही, हे मान्य करून पुढे जावे. कच्चे खर्डे, बदलांची चिठ्ठी आणि पाच मिनिटांची तोंडी यांनी बरेचसे भागते. शिवाय यंत्राने लिहिलेले एक टिपण वर्गातच द्या आणि त्यातले चुकीचे दावे पुराव्यानिशी शोधायला सांगा. ते काम आता बहुतेकांच्या वाट्याला येणारच आहे.

विद्यार्थ्याने जपून ठेवायच्या संचिकेत तीनच कामे असू द्या, प्रत्येकासोबत अर्ध्या पानात अडचण काय होती आणि निर्णय कसा घेतला. चाळीस प्रमाणपत्रांची फाइल कुणी उघडत नाही.

फेररचना एकदम सगळ्या पदवीला लावू नका. एका पेपरात एक सत्र करून पाहा, मग दुरुस्त करा. यश नोकरी लागलेल्यांच्या टक्केवारीवर मोजू नका. ती बाजाराबरोबर वरखाली होते आणि मंदीच्या वर्षात चांगली फेररचनाही तिच्यामुळे बदनाम होते. पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात एकाच प्रकारचे काम घ्या, नावे आणि तारखा झाका, सगळे कागद मिसळा आणि त्या वर्गाला न शिकवलेल्या शिक्षकाकडून तपासून घ्या. शेवटचे कागद वर आले नाहीत तर बदल जमलेला नाही, वर्गाला तो कितीही आवडलेला असो.

एक काम मात्र मंडळाला पुढच्या बैठकीआधीच करता येईल. प्रत्येक सदस्याने आपल्या विषयाच्या गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात, आणि प्रत्येक प्रश्नापुढे एवढेच लिहावे: याचे उत्तर वहीतून जसेच्या तसे उतरवून पूर्ण गुण मिळतील का? 'होय' आलेल्या गुणांची बेरीज करावी. ती बेरीज घेऊन बैठकीला यावे, आणि कौशल्यविकासाच्या पेपरावरील चर्चा ते आकडे फळ्यावर लिहून झाल्यावरच सुरू करावी.

आपले,
अभ्यासक्रम-रचनेचे काम करणारे काही शिक्षक